‘बघू तरी’ म्हणणाऱ्या खेळाडूसमोर पोकरचे डाव कसे खेळावेत

पोकरची पुस्तके आणि व्हिडिओ पाहून मी टेबलावर बसलो, तेव्हा माझी तयारी हुशार प्रतिस्पर्ध्यासाठी होती. समोर मात्र बसले होते मौजेखातर आलेले, दिवाळीला तीन पत्ती खेळत मोठे झालेले आणि हातातली पाने टाकून देणे ज्यांच्या जिवावर येते असे लोक. अशा खेळाडूला पोकरच्या भाषेत ‘लूज’ म्हणतात, आणि त्याच्यासमोर मी पहिले कित्येक महिने हरलो, कारण तो जे करत होता त्याऐवजी त्याने काय करायला हवे होते याचा विचार करून मी खेळत होतो. नवख्या वाचकांचा तेवढा काळ आणि पैसा वाचावा, म्हणून हा लेख. यातील सर्व विवेचन टेक्सस होल्डेम या प्रकाराचे आहे, म्हणजे हातात दोन पाने आणि टेबलावर सर्वांसाठी मिळून पाच. ही पाच टप्प्याटप्प्याने उघडतात: पहिल्या तिघांना फ्लॉप, चौथ्याला टर्न आणि पाचव्याला रिव्हर म्हणतात.

१. बसण्यापूर्वी: कायदा, कागदपत्रे आणि साहित्य

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली असून त्यात पोकरही आले. त्यामुळे मोबाइलवर पैशांनी सराव करण्याचा विचार मनातून काढून टाकावा. मराठी माणसाला जवळचे असे परवानाधारक ठिकाण म्हणजे गोवा, विशेषतः पणजीला मांडवीच्या पात्रात उभी असलेली कॅसिनो जहाजे. तेथे प्रवेशासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. गोमंतकीयांना मात्र २०२० पासून तेथे खेळण्यास मनाई आहे, त्यामुळे तेथे भेटणारा खेळाडू बहुधा मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद अशा शहरांतून सुटीसाठी आलेला असतो. सुटीवर आलेला माणूस पाने टाकायला आलेला नसतो, आणि पुढचे सगळे डावपेच याच एका गोष्टीवर उभे आहेत.

सोबत पुढील गोष्टी ठेवाव्यात:

- जन्मतारीख असलेले मूळ ओळखपत्र, आणि पॅन कार्ड. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर लागतो, उपकर वेगळा.
- त्या रात्रीसाठी ठरवून आणलेली रक्कम, जी पूर्ण गेली तरी घरच्या खर्चाला धक्का लागणार नाही. डेबिट कार्ड खोलीवर ठेवावे.
- खिशात मावेल अशी वही. मोबाइलही चालतो, मात्र डाव चालू असताना तो हातात घेऊ नये.
- घरच्या सरावासाठी पत्त्यांचा एक जोड आणि प्लास्टिकच्या चिप्स. हा सराव बिनपैशांचा ठेवावा.

२. माणूस ओळखा

पहिला अर्धा तास फारसे न खेळता मोजत बसावे. दहा डावांपैकी सहा-सात डावांत जो पैसे टाकून आत येतो, तो लूज. साधारण शिस्तीचा खेळाडू शंभरात पंधरा ते वीस डाव खेळतो, तेव्हा हा फरक नजरेत भरतोच. त्याने आत येताना रक्कम वाढवली नाही, नुसतेच ब्लाइंडएवढे (म्हणजे पाने वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या लहान-मोठ्या रकमेपैकी मोठीएवढे) पैसे सरकवले, तर ती दुसरी खूण. आणि सर्वांत मोलाची खूण म्हणजे शेवटी उघडलेली पाने. तुम्ही डावात नसाल तेव्हाही ती पाहा आणि लक्षात ठेवा, कारण किलवरची नव्वी आणि चौकटची चव्वी घेऊन जो रिव्हरपर्यंत आला, तो उद्याही येणार आहे.

लूज खेळाडूंच्या दोन जाती आहेत आणि त्यांत गल्लत करणे महागात पडते. पहिली जात नुसती कॉल करणाऱ्यांची, म्हणजे समोरच्याने लावली तेवढीच रक्कम भरून डावात राहणाऱ्यांची. ही मंडळी क्वचितच रेज करतात, म्हणजे रक्कम वाढवतात, पण सोडत काहीच नाहीत. दुसरी जात रेजवर रेज करणाऱ्यांची, ज्यांना टेबलावर शांतता सहन होत नाही. या लेखाचा बराचसा भाग पहिल्या जातीबद्दल आहे, कारण तीच जास्त भेटते. दुसरीबद्दल सातव्या पायरीत लिहिले आहे.

तीन पत्तीतून आलेल्यांची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो आणि पोकरमध्ये नेमके उलटे, म्हणजे एका रंगाची पाच पाने सलग पाच पानांवर मात करतात. सिक्वेन्स घेऊन आनंदाने ऑल-इन गेलेला, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावलेला, आणि मग डीलरकडे अविश्वासाने पाहणारा माणूस मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिला आहे. शिवाय तीन पत्तीत आंधळा खेळणाऱ्याला निम्म्यातच भागवता येते, त्यामुळे स्वस्तात डावात टिकून राहण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असते. त्या सवयीसाठी त्याला हसू नका. तुमच्याही अंगात ती असेल, तर आधी तिचा बंदोबस्त करा.

३. जागा निवडा

खेळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकतो, म्हणजे तुमच्या उजव्या हाताचा माणूस तुमच्या आधी बोलतो. म्हणून लूज खेळाडू तुमच्या उजवीकडे असेल अशी खुर्ची मिळवावी. तो आत आला हे पाहून मग तुम्ही रक्कम वाढवू शकता, बाकीच्यांना बाहेर काढू शकता आणि उरलेला डाव त्याच्याशी एकट्याने खेळू शकता. खुर्ची रिकामी झाली की बदलून मागण्यात कमीपणा नाही, डीलरला किंवा फ्लोअरवरच्या माणसाला सांगितले की झाले.

४. फ्लॉपच्या आधी: कमी पाने, मोठी रक्कम

तो काहीही घेऊन खेळतो म्हणून आपणही थोडे सैल खेळायला हरकत नाही, हा नवख्यांचा पहिला आणि सर्वांत सुखद वाटणारा गैरसमज आहे. तो सैल आहे याचा फायदा तुमची पाने त्याच्यापेक्षा चांगली असतील तरच मिळतो. मोठ्या जोड्या, एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम, राजा-राणी यांसारखी पाने घेऊन आत या, आणि एक्का आहे म्हणून सोबतची सत्ती चालवून घेऊ नका.

संयमाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. दोन पानांची एकूण १,३२६ संयोजने होतात आणि त्यांत दोन एक्क्यांची फक्त ६ आहेत, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात असे धरले, तर एक्क्यांच्या जोडीसाठी सात-आठ तास बसावे लागेल. त्यामुळे बहुतेक वेळ पाने टाकण्यात जातो आणि त्याचा कंटाळा येतो. मला विचाराल तर या खेळात हरण्याचे सर्वांत मोठे कारण अज्ञान नसून हा कंटाळाच आहे.

चांगली पाने आली की रक्कम नेहमीपेक्षा मोठी लावा. शिस्तीच्या टेबलावर मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट-चौपट पुरते, लूज टेबलावर पाच-सहा पट आणि तुमच्या आधी आत आलेल्या प्रत्येकामागे आणखी एक पट लावावी. कारण साधे आहे. एक्क्यांची जोडी कोणत्याही पानांच्या एका प्रतिस्पर्ध्यासमोर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पण चौघे आत आले की हेच प्रमाण ५६ टक्क्यांवर घसरते. गर्दी झाल्यावर एक्के ‘नेहमी फुटतात’ अशी तक्रार करणाऱ्याने आपण गर्दी का होऊ दिली हे आधी पाहावे.

दुर्री ते अठ्ठी अशा लहान जोड्यांचे गणित वेगळे आहे. फ्लॉपवर तसेच तिसरे पान येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साडेआठांत एकदा. कॉलची रक्कम तुमच्या आणि त्याच्या चिप्सच्या मानाने अगदी थोडी, साधारण वीस हिश्श्यांतील एक किंवा त्याहून कमी असेल, तर ती भरून पाहावे. तिसरे पान आले तर लूज खेळाडू पुरेपूर मोबदला देतो, आणि नाही आले तर विनातक्रार बाहेर पडावे.

५. ब्लफ विसरा

ब्लफ म्हणजे हाती काही नसताना मोठी रक्कम लावून समोरच्याला पाने टाकायला लावणे. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण माझे सर्वाधिक पैसे येथेच गेले.

ब्लाइंड १०० आणि २०० चे, सर्वांसमोर साधारण २०,००० च्या चिप्स. माझ्या हाती इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचा राजा. उजवीकडच्या चष्मेवाल्या काकांनी २०० टाकले, मी १,००० केले, बाकीचे गेले आणि काकांनी कॉल केला. पॉट, म्हणजे मधोमध जमलेली एकूण रक्कम, २,३००. फ्लॉपवर आली बदामची नव्वी, किलवरची छक्की आणि चौकटची तिर्री. माझ्या कामाचे एकही पान नाही. मी १,५०० लावले, काकांनी कॉल केला. टर्नला चौकटची राणी आली. तिने काका घाबरतील अशा समजुतीने मी ३,५०० लावले, पुन्हा कॉल. रिव्हरला किलवरची चव्वी, पॉट १२,३०० चा आणि माझ्या हाती अजूनही काहीच नाही. मी ८,००० पुढे सरकवले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पानांचे कोपरे अंगठ्याने उचलून पुन्हा एकदा पाहिले, ‘बघू तरी’ म्हणाले आणि चिप्स टाकल्या. त्यांच्याकडे छक्की आणि अठ्ठी होती. छक्क्यांच्या एका जोडीने १४,००० रुपये नेले.

परतीच्या बसमध्ये मी काकांना नावे ठेवत होतो, पण चूक सर्वस्वी माझी होती. १२,३०० च्या पॉटमध्ये ८,००० चा ब्लफ तोट्यात जाऊ नये असे वाटत असेल, तर समोरच्याने दहापैकी चार वेळा तरी पाने टाकायला हवीत. काकांनी तोवरच्या दोन तासांत रिव्हरला जोडी हातात असताना एकदाही पाने टाकली नव्हती आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. फ्लॉपवरची १,५०० ची चाल एक वेळ क्षम्य म्हणता येईल, परंतु पुढच्या ११,५०० ला काहीच आधार नव्हता. राणीला घाबरायचे तर समोरच्याने माझ्या हाती काय असेल याचा विचार करायला हवा, आणि लूज खेळाडू फक्त स्वतःच्या पानांकडे पाहतो.

म्हणून नियम असा: फ्लॉपच्या आधी रक्कम वाढवली असेल आणि समोर तो एकटाच असेल, तर फ्लॉपवर एकदा लावून पाहावे. कॉल आला आणि हाती काही नसेल, तर तेथेच हात आखडता घ्यावा. फ्लश (एका रंगाची पाच पाने) किंवा सिक्वेन्स अर्धवट जुळला असेल तेव्हाही त्याला पळवून लावण्यासाठी मोठी रक्कम लावू नये, स्वस्तात पुढचे पान पाहावे, कारण जुळल्यावर तो पैसे देणारच आहे.

६. हाती पान असेल तेव्हा भरपूर लावा

ब्लफ सोडणे हा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा अधिक फायद्याचा आहे आणि तो करायला नवखे खेळाडू कचरतात, कारण मोठी रक्कम पाहून गिऱ्हाईक पळेल अशी त्यांना भीती वाटते.

त्याच प्रकारच्या टेबलावर काही महिन्यांनी खेळलेला डाव पाहा. माझ्याकडे एक्का आणि राणी, दोन्ही काळ्या रंगाची. उजवीकडच्याने २०० टाकले, मी १,२०० केले, त्याचा एकट्याचा कॉल आला, पॉट २,७००. फ्लॉप: बदामची राणी, बदामची सत्ती, किलवरची चव्वी. मी २,००० लावले, कॉल, पॉट ६,७००. टर्नला इस्पिकची दुर्री. मी ५,००० लावले, कॉल, पॉट १६,७००. रिव्हरला चौकटची अठ्ठी, बदाम आले नाही. मी ११,००० लावले. त्याने थोडा विचार केला, राणी-दश्शी दाखवत कॉल केला आणि हरला. फ्लॉपनंतर मी त्याच्याकडून १८,००० घेतले. प्रत्येक वेळी पॉटच्या निम्मीच रक्कम लावली असती, तर १,३५०, २,७०० आणि ५,४०० मिळून ९,४५० झाले असते. दोन्ही वेळी पाने तीच, माणूस तोच आणि त्याचा कॉलही तोच.

याच डावात त्याच्याकडे बदामची दोन पाने असती तर? टर्ननंतर न पाहिलेल्या ४६ पानांत ९ बदाम उरतात, म्हणजे रिव्हरला फ्लश जुळण्याची शक्यता २० टक्क्यांच्या जराशी खाली. माझ्या ५,००० ला कॉल करणे परवडायला त्याला जवळपास ३० टक्के शक्यता हवी. पाचांत एकदा त्याचे बदाम येणार आणि पॉट तो नेणार, हे खरे आहे, तरीसुद्धा त्याचा कॉल माझ्याच पथ्यावर पडतो. हे एकदा मनात पक्के बसले की बदाम आल्यावर चेहरा वाकडा होत नाही. अर्थात, बदाम आले आणि त्याने रक्कम लावली, तर एका जोडीवर हट्ट धरू नये.

रक्कम ठरवताना पॉटच्या दोन-तृतीयांशापासून पूर्ण पॉटपर्यंत जावे. त्याला चालीचा आकडा वाचता येत नसल्यामुळे चांगल्या पानांवर मोठी आणि मध्यम पानांवर लहान रक्कम असा उघड भेद केला तरी चालतो. जाणत्या खेळाडूसमोर मात्र असा भेद करू नये.

एक सापळा येथेच सांगून ठेवतो. चांगली पाने आली की चेक करून, म्हणजे रक्कम न लावता पाळी पुढे सोडून, काहीच नसल्यासारखे दाखवून त्याला आत ओढण्याचा मोह होतो. कॉल करणाऱ्या माणसासमोर हे निव्वळ नुकसान आहे. तो स्वतःहून रक्कम लावत नाही, त्यामुळे तुम्ही चेक केले की तोही चेक करतो आणि फुकटात पुढचे पान पाहतो.

७. तो अचानक रेज करतो तेव्हा

तीन तास नुसते कॉल करणारा माणूस टर्नला किंवा रिव्हरला रेज करतो, तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून वरचे काही असते. माझ्या वहीत अशा प्रसंगांची पाने भरली आहेत आणि त्यांत ब्लफ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. हातात एक्क्यांची जोडी असली तरी ती एक जोडीच आहे, तेव्हा पाने टाकावीत. ‘तो तर काहीही घेऊन खेळतो’ हा युक्तिवाद त्या क्षणी तुमच्या मनात हमखास येईल. तो काहीही घेऊन कॉल करतो, रेज करत नाही, आणि हा भेद ओळखता यावा म्हणूनच दुसऱ्या पायरीत मोजत बसायला सांगितले होते.

दुसऱ्या जातीच्या, सतत रेज करणाऱ्या खेळाडूसमोर गणित उलटते. तेथे फ्लॉपवरच्या सर्वांत वरच्या पानाची जोडी हा भक्कम हात समजावा. रेजवर रेज करून त्याला पळवण्याऐवजी त्याला लावू द्यावे आणि शांतपणे कॉल करत जावे. त्याच्यासमोर दोन-तीन वेळा मोठी रक्कम हातची जाईल आणि टेबलावरचे लोक हसतील, त्याची तयारी ठेवा.

८. टाळायच्या गोष्टी

समोरच्याला शिकवू नका. ‘या पानांवर कॉल कसा केलात?’ हा प्रश्न मीही विचारला आहे. तो माणूस शरमला, घट्ट खेळू लागला आणि तासाभरात उठून गेला. यात माझेच नुकसान होते, आणि मौजेसाठी आलेल्या माणसाचा विरस करणे असभ्यही होते.

हरल्यावर लगेच वसुली करण्यासाठी बसू नका. ठरवलेल्या रकमेत दोन बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना चिप्ससाठी भरायच्या दोन रकमा, असाव्यात, दुसरी संपली की त्या रात्रीचा खेळ संपला. बरोबर खेळूनही सलग तीन-चार रात्री हरता येते आणि त्यामुळे पद्धत चुकीची ठरत नाही, पण पैसे मात्र जातात. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा, म्हणजे रेक, कापून घेतो हेही हिशेबात धरावे. लहानसहान पॉटसाठी झगडून जिंकलेले पैसे बरेचसे त्यातच जातात. मद्य घेऊन खेळू नये. समोरच्याने घेतले असेल, तर त्याच्याशी अधिक आदराने बोलावे. आणि एखादा माणूस मौजेच्या पलीकडे जाऊन, घाम पुसत, वारंवार फोन करून पैसे मागवत खेळताना दिसला, तर मी स्वतः ते टेबल सोडतो. तुम्ही काय करावे हे तुमचे तुम्ही ठरवा.

९. वहीत काय लिहावे

खोलीवर परतल्यावर झोपण्यापूर्वी पाच-सहा डाव लिहून काढावेत. प्रत्येक डावासाठी तीनच रकाने पुरतात: समोरचा कोणत्या पानांनी आत आला, प्रत्येक टप्प्यावर त्याने काय केले, आणि मी जे केले ते कोणत्या कारणाने केले. तिसऱ्या रकान्यात ‘वाटले म्हणून’ असे लिहावे लागले, तर त्या ओळीखाली रेघ मारावी. माझ्या पहिल्या वहीत अशा रेघा पानोपानी आहेत. जिंकलेल्या डावांचीही नोंद ठेवावी, कारण चुकीचा खेळ करून जिंकलेला डाव पुढे तशीच चूक करायला लावतो.

१०. कधी उठावे

हे सारे ज्या माणसामुळे जमत होते तो उठला की टेबल बदलले असे समजावे. मांडवीवर पहाटे तीनच्या सुमारास हे नेहमी घडते. सुटीवरची मंडळी किनाऱ्याकडे परतणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत लागतात आणि टेबलावर तुमच्यासारखेच वही बाळगणारे पाच जण उरतात. तेव्हा चालू फेरी संपू द्यावी, आपल्या चिप्स रॅकमध्ये भराव्यात, कॅशियरच्या खिडकीवर मोजून द्याव्यात आणि त्याच फेरीबोटीने परतावे.